तीन सह्या

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे खर्चाची व्हाउचरे तपासण्याचे काम आले आणि सुरुवातीचे कित्येक दिवस मी एकच चूक करत राहिले. व्हाउचर हातात घेतले की माझे डोळे आधी रकमेकडे जात. रक्कम मोठी दिसली की मी सावध होई, लहान दिसली की शिक्का मारून पुढचा कागद उचली. आमच्या विभागातले ज्येष्ठ लेखापाल दोन टेबले पलीकडे बसत. त्यांच्या हे लक्षात आले असावे. एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले, गठ्ठ्यातले एक व्हाउचर त्यांनी बाहेर काढले, रकमेवर पट्टी आडवी ठेवली आणि म्हणाले, "आता तपासा." रक्कम झाकल्यावर त्या कागदावरच्या बाकीच्या गोष्टी मला पहिल्यांदा नीट दिसल्या: खर्च कोणी केला, कशासाठी केला, कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या सदरात, टाकला, मंजुरी खर्चाच्या आधीची आहे की नंतरची, आणि खाली सह्या कोणाकोणाच्या आहेत. त्या व्हाउचरवर पैसे मागणाऱ्याची आणि मंजूर करणाऱ्याची सही एकाच हाताची होती.

"मागणारा एक, मंजूर करणारा दुसरा आणि तपासणारा तिसरा," ते म्हणाले. "तीन सह्या तीन हातांच्या असतील तर कागद बहुधा खरा निघतो. दोन सह्या एका हाताच्या झाल्या की तो माणूस कितीही सरळ असो, कागद अर्धाच राहतो." पट्टी उचलल्यावर दिसलेली रक्कम अगदी किरकोळ होती. तरीही ते व्हाउचर परत गेले.

लोकप्रतिनिधींना सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या सवलतींची बातमी वाचताना माझ्या मनात आजही ती पट्टी रकमेवर येऊन बसते. या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा रकमेपाशी सुरू होते आणि रकमेपाशीच संपते. एक बाजू बंगल्याची, विमानप्रवासाची, गाड्यांच्या ताफ्याची किंमत सांगून संतापते. दुसरी बाजू तीच किंमत देशाच्या एकूण अर्थसंकल्पाशेजारी ठेवून ती किती क्षुल्लक आहे हे दाखवते. हिशेबापुरते दुसऱ्या बाजूचे म्हणणे चुकीचे नाही. एखाद्या रखडलेल्या धरणाच्या किंवा फसलेल्या शस्त्रखरेदीच्या खर्चापुढे सगळ्या खासदारांचे प्रवासभत्ते एकत्र केले तरी ते फारसे भरणार नाहीत. पण ज्या सभागृहाची मंजुरी घेतल्याशिवाय कोणत्याही खात्याला एक पैसा खर्चता येत नाही, ते सभागृह स्वतःसाठी पैसे मागते तेव्हा काय करते, हे पाहण्याची जागा म्हणजे हीच लहान रक्कम. धरणाच्या खर्चावर तरी मागणारे खाते आणि मंजूर करणारी विधिमंडळे वेगळी असतात. आमदार-खासदारांच्या सवलतींच्या बाबतीत मागणारा, मंजूर करणारा आणि कित्येकदा तपासणाराही एकच असतो. पैशाचा आकार बाजूला ठेवला तरी हा दोष जात नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी, कारण या विषयावर रागाने बोलणारी माणसे पुष्कळदा एका धोकादायक टोकाला जातात. लोकप्रतिनिधींना वेतन नको, भत्ते नकोत, ही सेवा आहे तर ती विनामूल्यच व्हावी, असे म्हणणाऱ्यांना इतिहासात आधीच उत्तर मिळालेले आहे. ब्रिटनमध्ये 1838 साली कामगारांनी आपली जी सनद मांडली तिच्या सहा मागण्यांपैकी एक मागणी खासदारांना वेतन मिळावे ही होती, आणि ती मागणी श्रीमंतांची नव्हती, गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्यांची होती. वेतन नसलेल्या संसदेत ज्यांच्याकडे जमीन किंवा व्यापार आहे तेच बसू शकतात, हे त्यांना पोटतिडकीने कळले होते. ती मागणी पूर्ण व्हायला 1911 साल उजाडले. त्या वर्षी ब्रिटिश खासदारांना वर्षाला 400 पौंड मिळू लागले. त्याच्याही कितीतरी शतके आधी, प्राचीन ग्रीसमध्ये, पेरिक्लीस या नेत्याच्या काळातल्या अथेन्समध्ये न्यायमंडळावर बसणाऱ्या नागरिकाला दिवसाचे मानधन मिळू लागले होते, कारण त्याशिवाय गरीब माणसाला कामाचा दिवस मोडून न्यायनिवाड्याला येणे परवडणारे नव्हते. प्रतिनिधीला पुरेसे वेतन मिळणे ही लोकशाहीची गरज आहे, असे मी मानते आणि त्यात मला कोणतीही तडजोड मान्य नाही.

वेतन आणि सवलत यांत मात्र मोठा फरक आहे. वेतन उघड असते. त्याचा आकडा छापला जातो, त्यावर कर कापला जातो, ते वाढले की बातमी होते आणि मतदार त्यावर बोलू शकतो. सवलत अनेक लेखाशीर्षांत विखुरलेली असते: घर एका खात्याचे, वीज दुसऱ्या खात्याची, गाडी तिसऱ्याची, सुरक्षा चौथ्याची, आणि त्या सगळ्यांची बेरीज कोणत्याही एका कागदावर सापडत नाही. वेतन वाढवणे राजकीयदृष्ट्या अवघड झाले की सवलती वाढतात, हे अनेक देशांत घडले आहे. ब्रिटनमध्ये 1971 साली खासदारांना मतदारसंघ आणि राजधानी अशा दोन ठिकाणी राहावे लागते म्हणून दुसऱ्या घराचा भत्ता सुरू झाला, आणि तो पूर्णपणे योग्य होता. पुढच्या काळात मात्र वेतनवाढ जाहीर करण्याचे धैर्य सरकारांना होईना, तेव्हा हाच भत्ता वाढत गेला आणि तो खर्चाची भरपाई न राहता वेतनाचाच एक न बोललेला भाग होऊन बसला. जो पैसा समोरच्या दाराने मागायला लाज वाटते तो मागच्या दाराने आला की त्याची पावतीही मागच्या दारातच राहते.

या भत्त्याची पुढची हकिगत मला फार वेळा आठवते, आणि ज्या कारणासाठी ती जगभर गाजली त्याहून वेगळ्या कारणासाठी आठवते. तिथे भत्त्यांचे दावे तपासण्यासाठी संसदेचेच एक कार्यालय होते. घरातल्या कोणत्या वस्तूसाठी किती पैसे द्यायचे हे ठरवण्यासाठी त्या कार्यालयातले कर्मचारी जॉन लुइस या मोठ्या दुकानाच्या किमतींवर आधारलेली एक यादी वापरत, आणि ती यादी खासदारांनाही दाखवली जात नसे, कारण कमाल आकडा कळला की प्रत्येक दावा त्या आकड्यापर्यंत जाईल अशी भीती होती. अनेक वर्षे 250 पौंडांच्या आतल्या दाव्याला पावती जोडावी लागत नव्हती. त्या कार्यालयातल्या माणसांना मी दोष देत नाही. ज्यांचे दावे तपासायचे तेच आपले मालक असतील, तर तिसरी सही करणारा हात कितीही प्रामाणिक असला तरी तो थरथरणारच.

माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा 1 जानेवारी 2005 रोजी तिथे लागू झाला आणि हेदर ब्रूक या पत्रकार बाईंनी खासदारांच्या खर्चाचा तपशील मागायला सुरुवात केली. नकार मिळाला. त्या लवादाकडे गेल्या आणि 2008 च्या फेब्रुवारीत निकाल त्यांच्या बाजूने लागला. संसदेने त्याविरुद्ध उच्च न्यायालय गाठले आणि मे महिन्यात तिथेही संसद हरली. मधल्या काळात, 2007 साली, संसदेलाच त्या कायद्यातून वगळणारे एक विधेयक कॉमन्स या कनिष्ठ सभागृहाने मंजूरही केले होते. लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात ते मांडायला कोणी पुढे आले नाही, एवढ्यावरच ते थांबले. या एका विधेयकापाशी मी नेहमी थबकते. देशातल्या प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपले कागद उघडे करावेत असा कायदा ज्यांनी केला, त्यांनीच तो आपल्यापर्यंत पोहोचल्यावर स्वतःभोवती कुंपण घातले, आणि त्यासाठी मतदान घेतले.

शेवटी 2009 च्या मे महिन्यात डेली टेलिग्राफ या दैनिकाच्या हाती सगळ्या दाव्यांची अखंड प्रत आली आणि रोज एकेक प्रकरण छापून येऊ लागले. लोकांच्या लक्षात काय राहिले, तर एका जुन्या वाड्याभोवतीचा खंदक साफ करण्याचा खर्च आणि बदकांसाठी तळ्यात तरंगणारे 1,645 पौंडांचे घर. गंमत वाटावी अशी ही चित्रे आहेत, पण माझ्यासारख्या व्हाउचर तपासणाऱ्या बाईला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: बदकांच्या घराचे पैसे मुळात दिले गेलेच नव्हते. तपासणाऱ्या कारकुनाने तो दावा नामंजूर केला होता. म्हणजे ज्या एका कागदावर तिसऱ्या सहीने आपले काम चोख केले, तोच कागद सगळ्या गैरप्रकाराचे प्रतीक ठरला.

खरे नुकसान करणारे कागद दिसायला अगदी नीरस होते. कोणी फेडून झालेल्या गृहकर्जाचे व्याज मागत होता, कोणी आपल्याच आईच्या घराचे भाडे दाखवत होता, आणि बऱ्याच जणांनी तर नियम मोडलाही नव्हता: आपल्या दोन घरांपैकी 'दुसरे' कोणते हे कागदावर बदलून त्यांनी आधी एका घराची दुरुस्ती करून घेतली आणि मग दुसऱ्याची. या शेवटच्या प्रकाराचे कोणतेही चित्र काढता येत नाही. तो ओळखायचा असेल तर लागोपाठच्या दोन वर्षांचे दावे शेजारी ठेवून पत्ता बदलला आहे का ते पाहावे लागते. संसदेने जूनमध्ये स्वतःहून जे कागद प्रसिद्ध केले त्यात हेच पत्ते काळ्या शाईने झाकलेले होते. रकमा दिसत होत्या. पट्टी इथे नेमकी उलट्या जागी ठेवली होती: रक्कम उघडी, आणि ती रक्कम खरी की खोटी हे ज्यावरून कळले असते ते झाकलेले. काही प्रसिद्ध करताना नेमके काय काळे केले आहे हे मी तेव्हापासून आधी बघते.

त्यानंतर तिथे बऱ्याच गोष्टी बदलल्या. सभागृहाचे अध्यक्ष मायकल मार्टिन यांना पद सोडावे लागले. अशा रीतीने अध्यक्षाला जावे लागण्याची वेळ त्याआधी 1695 साली आली होती. काही खासदारांवर खटले झाले, आणि संसदेच्या विशेषाधिकारामुळे आपल्यावर फौजदारी न्यायालयात खटला चालू शकत नाही हा त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली फेटाळला. सभागृहात निर्भयपणे बोलता यावे म्हणून जो विशेषाधिकार शतकांच्या झगड्यातून मिळाला, तो भाड्याच्या खोट्या पावतीसाठी ढाल म्हणून पुढे केला गेला, याचे मला आजही वाईट वाटते. त्याच वर्षी दावे तपासण्याचे काम संसदेबाहेरच्या एका स्वतंत्र प्राधिकरणाकडे गेले, आणि पुढे खासदारांचे वेतन ठरवण्याचा अधिकारही त्याच्याकडेच आला. मागणारा आणि मंजूर करणारा हे दोन हात वेगळे करायला वेतन सुरू झाल्यापासून जवळजवळ 100 वर्षे लागली.

"सगळे नियमात बसते" हे वाक्य या प्रकरणात शेकडो वेळा उच्चारले गेले आणि प्रत्येक देशातल्या प्रत्येक प्रकरणात ते येतेच. लेखापरीक्षणात या वाक्याला उत्तर देणे अवघड असते, कारण आक्षेप नोंदवायचा तर कोणता नियम मोडला ते लिहावे लागते. नियम करणारा आणि नियमाचा लाभ घेणारा एकच असेल तर नियमभंग होण्याचे कारणच उरत नाही. नियम हवा तेवढा सैल करून घेता येतो, किंवा पावतीची गरजच काढून टाकता येते. युरोपीय संसदेच्या सदस्यांना कार्यालयीन खर्चासाठी दरमहा 4,000 युरोंहून अधिक ठोक रक्कम मिळते. ती कशी खर्च झाली याचे कागद वेगवेगळ्या देशांतल्या पत्रकारांनी मागितले, प्रकरण न्यायालयात गेले आणि 2018 साली पत्रकार हरले. या भत्त्याच्या बाबतीत त्याचे एक कारण असे होते की भत्ता ठोक असल्यामुळे त्याच्या विनियोगाचे कागद संसदेकडे मुळात नाहीतच, आणि जे अस्तित्वात नाही ते देता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर बरोबर असेल. माझ्या टेबलावर मात्र असे उत्तर आले असते तर मी विचारले असते की पावती ठेवायची नाही, हे कोणी ठरवले.

दक्षिण आफ्रिकेतले एन्कांडलाचे प्रकरण याहून कठीण आहे, कारण तिथे खर्चामागे सुरक्षेचे कारण होते, आणि सुरक्षा हे असे लेखाशीर्ष आहे की त्याच्यापुढे तपासणारा सहसा स्वतःहून मागे सरतो. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्या एन्कांडला इथल्या खासगी निवासस्थानी सुरक्षेच्या नावाखाली झालेल्या कामांचा खर्च सुमारे 24.6 कोटी रँडपर्यंत गेल्याचे तिथल्या लोकरक्षक, म्हणजे सरकारी कारभाराची स्वतंत्रपणे चौकशी करणाऱ्या अधिकारी, थुली मादोन्सेला यांनी मार्च 2014 मध्ये दिलेल्या अहवालात दाखवले. त्यांनी एकूण रकमेवर नुसती टीका केली नाही. त्यांनी कामे एकेक करून वेगळी केली. कुंपण, पहारा, संपर्कयंत्रणा ही सुरक्षेची कामे त्यांनी मान्य केली आणि पाच गोष्टी बाजूला काढल्या: पाहुण्यांसाठीची इमारत, खुले प्रेक्षागृह, गुरांचा गोठा, कोंबड्यांचे खुराडे आणि पोहण्याचा तलाव. हे वाचताना मला आमच्या ज्येष्ठांची फार आठवण झाली. लेखापरीक्षण म्हणजे हेच असते. बेरीज बघून रागावणे सोपे असते. बेरजेच्या आत जाऊन कोणती ओळ तिथे असायला नको होती हे सांगणे हे खरे काम आहे.

त्यावर सरकारचे उत्तर पोलीसमंत्र्यांच्या अहवालातून आले. त्यांनी 2015 साली सांगितले की तो तलाव म्हणजे आग विझवण्यासाठीचा पाणीसाठा आहे आणि राष्ट्राध्यक्षांना काहीही परत करण्याची गरज नाही. ज्या मंत्र्याची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात त्याच मंत्र्याने राष्ट्राध्यक्षांच्या घरखर्चाचा निवाडा केला, आणि संसदेने तो स्वीकारून त्यांना मोकळे केले. तिन्ही सह्या एका हाताच्या असल्याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही. तिथल्या संविधान न्यायालयाने 31 मार्च 2016 रोजी निकाल दिला की लोकरक्षकांनी सांगितलेली उपाययोजना बंधनकारक होती, आणि राष्ट्राध्यक्ष व संसद या दोघांनीही आपले सांविधानिक कर्तव्य पाळले नाही. त्या पाच गोष्टींपोटी भरायची रक्कम कोषागाराने सुमारे 78 लाख रँड ठरवली आणि ती झुमा यांना भरावी लागली. एकूण खर्चाच्या मानाने ती फार थोडी आहे. तरीही एका बाईने पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाचा गोठा आणि खुराडे बिलातून वेगळे काढून दाखवले, आणि तिची तिसरी सही शेवटी न्यायालयात टिकली, याचे मोल मी रँडमध्ये मोजू शकत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या सभागृहाच्या अध्यक्ष ब्रॉनविन बिशप मेलबर्नहून जिलाँगला पक्षाच्या निधिसंकलनाच्या कार्यक्रमाला हेलिकॉप्टरने गेल्या आणि 5,227 डॉलरचे बिल सरकारी तिजोरीवर पडले. 2015 साली ते उघड झाल्यावर त्यांनी पद सोडले आणि 2017 मध्ये तिथेही दाव्यांवर देखरेख करणारे स्वतंत्र प्राधिकरण आले. स्वीडनमध्ये 1995 साली उपपंतप्रधान मोना सालीन यांनी सरकारी कार्डावर खासगी खरेदी केल्याचे समोर आले, चॉकलेटच्या दोन वड्यांवरून त्या प्रकरणाला नाव पडले, आणि पंतप्रधानपदाच्या शर्यतीतून त्यांना बाहेर पडावे लागले. सरकारी वकिलांची चौकशी पुढे खटल्याविनाच बंद झाली. त्यांना मोजावी लागलेली किंमत जास्त होती, असे मला वाटते. पण सरकारी कागद नागरिकाला पाहता आला पाहिजे हा कायदा तिथे 1766 सालचा आहे. इतक्या पिढ्या कागद उघडे राहिले की समाजाची चीड लहान रकमेवरच जागी होत असावी, आणि मोठ्या रकमेपर्यंत जाण्याचे धाडस करणारे त्यामुळे कमी होत असावेत.

भारताच्या संविधानात अनुच्छेद 106 नुसार खासदारांचे वेतन आणि भत्ते संसदच कायद्याने ठरवते, आणि 1954 च्या कायद्यापासून ते तसेच चालत आले आहे. सदस्याला वर्षाला 34 विमानप्रवास, निवासस्थान, मुदत संपल्यावर निवृत्तिवेतन, हे सगळे त्या कायद्यातून आणि त्याखालच्या नियमांतून येते. आपणच आपल्याला वाढ द्यायची ही अवघड स्थिती टाळण्यासाठी 2018 च्या वित्त कायद्याने दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वेतनवाढ होईल अशी तरतूद केली, आणि मार्च 2025 मधल्या अधिसूचनेने 1 एप्रिल 2023 पासून ते 1,00,000 वरून 1,24,000 रुपये महिना झाले. ही पद्धत आधीपेक्षा बरी आहे हे मी मान्य करते. पण निर्देशांक फक्त वाढ किती हे सांगतो. मुळात काय द्यावे, कशाची पावती असावी आणि कशाची नसावी, हे निर्देशांकाला ठाऊक नसते.

राज्यांकडे पाहिले तर प्रश्न अधिक टोकदार होतो. उत्तर प्रदेशात मंत्र्यांचा प्राप्तिकर सरकारी तिजोरीतून भरला जावा अशी तरतूद 1981 च्या कायद्यात झाली, तेव्हा अनेक मंत्री गरीब घरांतून येतात असे कारण दिले गेले होते. ते कारण त्या वेळी खोटे नसावे. पण कारण संपून गेल्यावरही कलम जिवंत राहिले. पक्ष बदलले, मुख्यमंत्री बदलले, कोट्यधीश मंत्री आले आणि त्यांचाही कर तिजोरी भरत राहिली. 2019 साली वृत्तपत्रात हे छापून आल्यावर ती प्रथा बंद झाली. 38 वर्षांत ते कलम वाचलेले अधिकारी, लेखापाल आणि आमदार कितीतरी असणार. त्यांच्यापैकी कोणालाही ते नियमबाह्य म्हणता आले नसते, कारण तो नियमच होता. त्याच राज्यात माजी मुख्यमंत्र्यांना आजन्म सरकारी बंगला देणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये रद्द केले, तेव्हा विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून तीच सवलत परत आणली. न्यायालयाने 7 मे 2018 रोजी ती दुरुस्तीही रद्द केली आणि पद सोडल्यावर माजी मुख्यमंत्रीही इतरांसारखाच सामान्य नागरिक असतो, हे स्पष्ट केले. तपासणाऱ्याने परत केलेले व्हाउचर मागणाऱ्याने नव्या कागदावर उतरवून पुन्हा पाठवावे, तसे हे होते.

भारतातली तिसरी सही नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांची. 30 मे 1949 रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी हा संविधानातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे आणि त्याचे कर्तव्य न्यायसंस्थेच्या कर्तव्याहूनही मोठे आहे, असे मत मांडले होते. महालेखापरीक्षकांना पदावरून काढण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांइतकीच कठीण ठेवली आहे. त्यांचे अहवाल तपासणाऱ्या संसदेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद 1967 पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. रचना उत्तम आहे. तिच्यात एक फट राहून गेली आहे. अनुच्छेद 151 प्रमाणे महालेखापरीक्षकांचे अहवाल सभागृहापुढे ठेवावे लागतात, पण किती दिवसांत ठेवावे हे त्यात लिहिलेले नाही. ज्यांनी काही काळ हिशेबाच्या टेबलावर काढला आहे त्यांना उशिरा आलेल्या आक्षेपाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही: खर्च करणारा बदलून गेलेला असतो, मंजुरी देणारा निवृत्त झालेला असतो, आणि आक्षेपावर काय केले ते लिहायच्या अनुपालनाच्या रकान्यात "नोंद घेतली" एवढेच लिहिले जाते.

अथेन्सच्या लोकांनी ही वेळेची अडचण फार पूर्वी ओळखली होती. तिथे कोणत्याही अधिकाऱ्याची मुदत संपली की त्याला हिशेब द्यावा लागे. चिठ्ठ्या टाकून निवडलेले लेखापरीक्षक तो तपासत, आणि कोणत्याही नागरिकाला पुढे येऊन आक्षेप घेता येई. हिशेब मान्य होईपर्यंत त्या माणसाला देश सोडून जाता येत नसे, आपली मालमत्ता देवाला वाहता येत नसे, मृत्युपत्रही करता येत नसे. पार्थेनॉन हे मंदिर बांधताना झालेल्या खर्चाचे वर्षावर्षाचे हिशेब संगमरवरावर कोरून उघड्यावर उभे केले होते. त्यांचे तुकडे आजही वाचता येतात. लुटीची संधी तिथेही होती आणि लूट झालीही असेल. पण हिशेब आधी आणि मोकळीक नंतर, हा क्रम त्यांनी पक्का धरला होता.

आमच्या त्या ज्येष्ठांबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. मी नोकरीत थोडी रुळल्यावर ते एकदा कामासाठी बाहेरगावी जाऊन आले आणि त्यांच्या प्रवासखर्चाचे बिल माझ्याकडे आले. आमच्या विभागात मंजुरी देणारे तेच होते, म्हणून त्यांनी मंजुरीची सही वरच्या अधिकाऱ्यांकडून आणली होती, आणि तपासणीसाठी बिल आपल्यापेक्षा 20 वर्षांनी लहान असलेल्या मुलीपुढे ठेवले होते. मी ते न बघताच शिक्का उचलला. ते समोरच उभे होते. "बसून तपासा, मला घाई नाही," असे म्हणून त्यांनी खुर्ची ओढली. मी एकेक ओळ वाचत गेले. तिकिटे बरोबर होती, तारखा जुळत होत्या, आणि शेवटच्या बेरजेत त्यांनी एक हातचा दोनदा धरला होता. ते सांगायला मला खूप संकोच वाटला. मी पेन्सिलीने तिथे बारीकशी खूण केली आणि कागद त्यांच्याकडे वळवला. त्यांनी बेरीज पुन्हा केली, चुकीच्या आकड्यावर एक सरळ रेघ मारली, शेजारी योग्य आकडा लिहिला, खाली तारखेसह सही केली आणि कागद पुन्हा माझ्यासमोर सरकवला, कारण दुरुस्त केलेल्या आकड्यावर तपासणाऱ्याचीही सही लागते.